थेंबाच्या तावडीतून सुटणारे कण

२ मिलिमीटर व्यासाचा पावसाचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगाने खाली येतो. त्याच्या वाटेतली हवा बाजूला सरकते आणि धुळीचे बारीक कणही तिच्याबरोबर सरकतात. त्यामुळे वाटेत आलेला प्रत्येक कण थेंबाला चिकटतोच असं नाही. पावसाने हवा किती धुतली जाते, याचं गणित इथेच अवघड होतं.

१० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचा कण जड असतो. हवा वळली तरी तो वळत नाही, थेट थेंबावर आदळतो. मायक्रॉनच्या शंभराव्या भागाएवढा कण हवेच्या रेणूंचे धक्के खात सैरावैरा फिरतो आणि फिरता फिरता थेंबाला लागतो. सुटतात ते मधले, साधारण ०.१ ते १ मायक्रॉनचे. आदळण्याइतके जड नाहीत आणि भरकटण्याइतके हलकेही नाहीत. या फटीला स्टॅन्ली ग्रीनफील्ड यांच्या नावाने ‘ग्रीनफील्ड गॅप’ म्हणतात. १९५७ साली त्यांनी किरणोत्सर्गी धूळ पावसाबरोबर किती खाली येते याचा हिशेब मांडला होता. पंचाईत अशी, की हेच कण फुप्फुसात खोलवर पोचतात.

प्रदूषण कुठे, किती पसरेल याचा संगणकावर अंदाज बांधणाऱ्या मॉडेलमध्ये दर सेकंदाला उरलेल्या कणांचा ठरावीक अंश निघून जातो असं धरतात. समजा, तासाला ५ मिलिमीटर पाऊस पडतोय आणि सगळे थेंब २ मिलिमीटरचे आहेत. वाटेतला प्रत्येक कण पकडला गेला, तर ११ मिनिटांत निम्मे कण संपतात. हजारात एकच पकडला गेला, तर तोच पाऊस साडेसात दिवसांहून जास्त काळ अखंड पडावा लागेल!

तरीही हे कण हवेत कायमचे राहत नाहीत, कारण ढग. वाफेला थेंब व्हायला आधार लागतो, आणि तो बहुधा याच आकाराचे कण देतात. म्हणून ढगातली धुलाई आणि ढगाखालची धुलाई वेगवेगळी मोजावी लागते. वायूंचा हिशेब आणखी निराळा: अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो, कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ नाहीच.

माझ्या मते सगळ्यात मोठी गोची मात्र कणांची नाही, पावसाचीच आहे. मॉडेल हवेचे काही किलोमीटर रुंदीचे चौकोन पाडतं. सर चौकोनाच्या दहाव्या भागात कोसळली, तर फार तर तेवढ्याच भागातली हवा धुतली जाते. तोच पाऊस चौकोनभर रिमझिम पसरवला, की कागदावर सगळीच हवा धुतली जाते. १९८६ मध्ये चेर्नोबिलचा किरणोत्सर्गी ढग युरोपवर पसरला, तेव्हा स्वीडनमधल्या येव्लेच्या परिसरात त्याला पाऊस गाठ पडला आणि तिथे किरणोत्सर्गी सीझियम हे मूलद्रव्य मोठ्या प्रमाणात जमिनीवर साचलं. मॉडेलमधला पाऊस थोडा जरी बाजूला पडला असता, तरी हा डाग नकाशावर भलत्याच गावांवर उमटला असता.