लशीसाठी मायकोफेनोलेट थांबवायचं का? वादामागची पार्श्वभूमी

१९५४ साली बोस्टनमध्ये पहिली प्रत्यारोपित किडनी टिकली, कारण ती एकसारख्या जुळ्या भावाची होती. त्यानंतर बरीच वर्षं सगळं लक्ष रिजेक्शनवर, म्हणजे शरीर परकी किडनी नाकारतं त्यावर होतं. ते रोखायला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आली: आधी सायक्लोस्पोरिन, मग १९९०च्या दशकात टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट. रिजेक्शन आवाक्यात आलं आणि विषाणूंनी डोकं वर काढलं. त्यातल्या सीएमव्हीवर (सायटोमेगॅलोव्हायरस) निदान गोळ्या आहेत. बीके विषाणूवर खात्रीचं औषध आजही नाही. हा विषाणू १९७१मध्ये लंडनमधल्या एका प्रत्यारोपित रुग्णाच्या लघवीत सापडला आणि त्याच रुग्णाच्या आद्याक्षरांनी ओळखला जातो. रक्तात त्याचं प्रमाण वाढू लागलं की बहुतेक ठिकाणी आधी मायकोफेनोलेट कमी करतात, किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणाऱ्या रक्तातल्या क्रिएटिनिनवर डोळा ठेवतात आणि रुग्णाच्या, विषाणूशी लढणाऱ्या टी-पेशी कामाला लागायची वाट बघतात.

म्हणजे गोळी कमी करून प्रतिकार वाढवणं डॉक्टरांच्या अंगवळणी पडलेलं होतं. आजार झालेला नसताना, फक्त लस लागू पडावी म्हणून तसं करावं का, यावर खरी जुंपली ती कोविडच्या काळात.

२०२१मध्ये अमेरिकेतल्या ६५८ प्रत्यारोपित रुग्णांच्या पाहणीत एमआरएनए लशीच्या दोन डोसांनंतरही ४६ टक्के जणांत अँटीबॉडी सापडल्या नाहीत. मायकोफेनोलेटच्या गटातली औषधं घेणारे जास्त मागे होते. कारण उघड आहे: लस टोचल्यावर अँटीबॉडी बनवणाऱ्या बी-पेशींची संख्या भराभर वाढावी लागते, आणि हे औषध त्यांना डीएनए बनवायला लागणारा ग्वानीन हा घटकच मिळू देत नाही. जर्मनीत लहानशा गटात काही आठवडे गोळी थांबवून पुढचा डोस दिला, तर प्रतिसाद चांगला दिसला. नेदरलँड्समध्ये मात्र चिठ्ठ्या टाकून गट पाडले आणि डोसच्या आधी एक व नंतर एक आठवडा गोळी बंद ठेवली. फरक पडला नाही. दोन आठवडे अपुरे होते, असं बाजू घेणारे अजून म्हणतात. असेलही. पण आईने किंवा बायकोने दिलेली किडनी पणाला लावून आणखी किती आठवडे थांबायचं, याचं उत्तर त्यांच्याकडे नाही.

त्यापेक्षा जादा डोसचा मार्ग सरळ होता. अमेरिकेने ऑगस्ट २०२१मध्ये अशा रुग्णांना तिसरा डोस खुला केला. आपल्याकडे १० जानेवारी २०२२पासूनचा 'प्रिकॉशन डोस' आरोग्य कर्मचारी, फ्रंटलाइन कर्मचारी आणि साठीपुढच्या सहव्याधीग्रस्तांनाच होता. चाळिशीतला प्रत्यारोपित रुग्ण त्यात बसत नव्हता. तो एप्रिलपर्यंत थांबला, मग खासगी केंद्रात पैसे मोजून टोचून आला.

सध्या कुतूहल आहे ते मायकोफेनोलेटऐवजी सिरोलिमस हे रिजेक्शन रोखणारं दुसरं औषध देण्याबद्दल. उंदरांमध्ये ते स्मृती टी-पेशी (आधीचा संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या पेशी) वाढवतं, हे २००९मध्येच दिसलं होतं. त्याच जातकुळीतलं एव्हरोलिमस घेणाऱ्यांना सीएमव्हीही कमी होतो. मात्र तोंड येणं, लघवीतून प्रथिनं जाणं, जखम लवकर न भरणं यामुळे बरेच रुग्ण ते मधेच सोडतात.