अर्ज, एनसी की गुन्हा?

नागपुरात ठाण्यातून परत आलेल्या माणसाला शेजारी पहिल्यांदा हेच विचारतात: "रिपोट लिहिली का?" उत्तर ठरलेल्या तिनांतलं एक असतं. अर्ज ठेवून घेतला, एनसी केली (म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही अशा अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) किंवा गुन्हा दाखल झाला. कायदा पुस्तकात असला तरी यातलं काय होणार हे बऱ्याचदा टेबलामागचा माणूस ठरवतो.

हा अधिकार जुना आहे. १८५७ च्या उठावानंतर, १८६१ मध्ये पोलीस कायदा आला. पहिली फौजदारी प्रक्रिया संहिताही त्याच वर्षीची, आणि नागपूर राजधानी असलेला मध्य प्रांतही. ठाण्यात आलेली तक्रार लिहून घ्यावी, असं त्या संहितेतही होतं. पण दल उभारलं होतं राज्य टिकवण्यासाठी, त्यामुळे कुणाची तक्रार लिहिण्याजोगी हे ठाणेदार ठरवत राहिला. १९६५ मध्ये नागपुरात पोलीस आयुक्तालय झालं. जिल्ह्यात प्रांताधिकाऱ्याकडे असलेला तडीपारीचा निर्णय इथे पोलीस अधिकाऱ्याच्याच हाती आला. माणसाला दोन वर्षांपर्यंत शहराबाहेर ठेवता येतं, एवढं हे हत्यार मोठं आहे.

तरीही नागपुरातल्या कस्तुरबानगर वस्तीचं प्रकरण घडलं. अक्कू यादव या गुंडाची दहशत त्या वस्तीनं वर्षानुवर्षं सोसली. आम्ही तक्रारी केल्या, पण पोलिसांनी ऐकलं नाही आणि उलट त्यालाच खबर दिली, असं बायकांचं म्हणणं होतं. १३ ऑगस्ट २००४ रोजी जिल्हा न्यायालयाच्या आवारात, सुनावणीसाठी आणलेल्या यादवला जमावानं ठार केलं. २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्या दिवसाबद्दल लिहिताना सगळे जमावाच्या रागावर थांबतात. मला त्याआधीची वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात, कारण ठाण्यात तक्रारीचं काय करायचं हे तेव्हा रोज ठरत होतं.

पुढे न्यायालयांनी दोन्ही बाजूंनी लगाम घातला. ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलं, की माहितीवरून दखलपात्र गुन्हा, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकतात असा गुन्हा, दिसत असेल तर तो नोंदवलाच पाहिजे. मोजक्या प्रकारांत आधी चौकशी करता येईल, एवढीच सूट ठेवली. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालानं सांगितलं, की सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक नको. अटकेची गरज नसेल तर आरोपीला हजर राहण्याची नोटीस द्या. मोहल्ल्याला मात्र हे दोन निकाल एकमेकांविरुद्ध वाटतात. गुन्हा नोंदवला, मग आरोपी घरी कसा? पैसे घेतले असतील, असं लोक लगेच बोलतात. नोटीस का दिली हे फिर्यादीला समजावून सांगायला पाच मिनिटं लागतात. ती दिली जात नाहीत, म्हणून संशय वाढतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तीन वर्षं किंवा त्याहून जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात वरिष्ठाच्या परवानगीनं आता गुन्हा नोंदवण्याआधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. "अर्ज ठेवून जा" या जुन्या सवयीला यामुळे कायद्याचाच आधार मिळेल, ही माझी भीती आहे. ठाण्यानं नोंद घेतलीच नाही तर तक्रार टपालानं वरिष्ठांकडे पाठवता येते आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. पाठवलेल्या तक्रारीची प्रत आणि टपालाची पावती तेवढी जपून ठेवावी.