बाहेरच्या भिंतीला काय लावायचं? बजेट कमी असेल तर आधी हे वाचा

बरेच जण मोबाईलवर फोटो घेऊन येतात, लाकडी पट्ट्यांचं छान घर असतं, आणि विचारतात चारी बाजूंनी असं करायला किती येईल. करून देऊ की, पण आमचा पहिला प्रश्न वेगळाच असतो, तुमच्याकडे झड कुठल्या भिंतीवर मारते? गोव्यात वर्षाला तीन हजार मिमीच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि वारा पश्चिम-नैऋत्येचा. मग पैसे पश्चिम आणि दक्षिण भिंतीवर घाला ना. उरलेल्या दोन भिंतींना चांगला गिलावा आणि एक्स्टिरियर इमल्शन रंग पुरतो.

चिरा, म्हणजे जांभा दगड, तसाच उघडा ठेवायची हल्ली फॅशन आहे, दिसतो सुंदर, पण चिरा पाणी पितो. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बासिलिकेचा गिलावा १९५० च्या दशकात काढला आणि आता तिथला चिरा पावसाने झिजतोय म्हणून सगळे काळजीत आहेत. हौस असेल तर बाल्कांवातली, म्हणजे दारासमोरच्या ओसरीतली, छपराखालची भिंत उघडी ठेवा.

गिलाव्यात मात्र काटकसर नको. दोन हात, पहिला १२ मिमी, दुसरा ८, वॉटरप्रूफिंग घालून, आणि बीम-चिऱ्याच्या जोडावर जाळी मारायचीच, भेगा तिथेच पडतात. निदान आठवडाभर पाणी मारायचं, रंग २८ दिवसांनी. गणेश चवथीच्या आधी बाहेरून रंग लावून द्या म्हणून दरवर्षी फोन येतात, आतून देतो, बाहेरून नाही, ओल्या भिंतीवरचा रंग फुगतो आणि मग नाव आमचं खराब. बाहेरचं काम दिवाळीनंतर.

आता झडीच्या भिंतीला क्लॅडिंग, म्हणजे भिंतीवरून बाहेरून लावायचं पत्र्याचं किंवा बोर्डाचं आवरण. स्वस्तात हवं असेल तर रंगीत पत्रा, अर्ध्या मिमीचा घ्या, त्याहून पातळ नको, पावसात आवाज करतो तेवढं सहन करावं लागतं. बजेट थोडं वाढवता येत असेल तर फायबर सिमेंट बोर्ड, आमची पसंती हीच, वाळवी लागत नाही, सडत नाही, लाकडाच्या टेक्श्चरमध्येही मिळतो, फक्त कापलेल्या कडा सील करायला हव्यात. पीव्हीसी पट्ट्या घरात ठीक, बाहेर उन्हात रंग उतरतो आणि गडद रंगाच्या तर वाकतात पण. खऱ्या लाकडाचं नावच काढू नका, दरवर्षी तेलपाणी कोण करणार?

काहीही लावा, मागे इंचभर फट हवी, खाली-वर हवा जायला वाट ठेवून, म्हणजे आत शिरलेलं पाणी निथळतं आणि भिंत सुकते. समुद्राजवळ, म्हणजे कळंगुट, कोलवा वगैरे भागात, स्क्रू ३१६ ग्रेड स्टीलचेच, साध्या स्क्रूचे गंजाचे ओघळ नव्या बोर्डावर उतरलेले बघवत नाहीत.

बघायला शक्यतो पावसात बोलवा, ओल नेमकी कुठून येते ते तेव्हाच कळतं, मे महिन्यात सगळ्याच भिंती गुणी दिसतात. त्याआधी छज्जा भिंतीपासून किती बाहेर आहे ते टेपने मोजून ठेवा, तो दोन फुटांपेक्षा कमी असेल तर क्लॅडिंगच्या आधी त्याचाच हिशोब करू.