दुर्बिणीची जोडउपकरणे, घरगुती इलेक्ट्रॉनिक

हातातल्या नियंत्रकावर ग्रहाचे किंवा तारकागुच्छाचे नाव निवडले की मोटारींच्या साहाय्याने आपोआप तिकडे वळणाऱ्या, म्हणजे ‘गो-टू’ दुर्बिणींसाठी हौशी निरीक्षक घरी बनवतात ती उपकरणे. दव रोखणारी तापपट्टी, फोकसची मोटर, वेध-दुरुस्तीची (ताऱ्याचा माग घेताना सरकलेली दुर्बीण सावरण्याची) जोडणी, संगणकाशी बिनतारी दुवा ही त्यांतली नेहमीची. दुर्बिणीचा आरसा स्वतः घासण्याची परंपरा याहून खूप जुनी. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलसंस्थेत त्याच्या कार्यशाळाही झाल्या आहेत.

हे काम घरी जमते, कारण उत्पादकांनी दोन दारे उघडी ठेवली. पहिले सीरियल पोर्टचे, म्हणजे संगणकाशी एकामागून एक संकेतांनी बोलणाऱ्या जोडणीचे. ‘मीड’ कंपनीच्या एलएक्स२०० (१९९२) दुर्बिणीच्या आज्ञा साध्या अक्षरांत असतात : आधी कोलन, मग एकदोन रोमन अक्षरे, शेवटी हॅश. ‘जीआर’ पाठवले की दुर्बीण विषुवांश (आकाशातले रेखांशासारखे माप) सांगते, ‘जीडी’ला क्रांती (अक्षांशासारखे माप). ही आज्ञावली इतकी पसरली, की हॉवर्ड डटन यांनी सुरू केलेला ‘ऑनस्टेप’ हा घरगुती नियंत्रकही तीच वापरतो आणि ‘स्टेलॅरियम’ किंवा ‘स्कायसफारी’ हे आकाश-नकाशांचे प्रोग्राम त्याला एलएक्स२०० समजून चालवतात. दुसरे दार वेध-दुरुस्तीच्या एसटी-४ पोर्टचे. त्याला कसलीच आज्ञावली नाही. सहा तारांपैकी एक ग्राउंड, चार दिशांच्या चार, एक रिकामी. दिशेची तार ग्राउंडला टेकवली की दुर्बीण त्या बाजूला हळूच सरकते. टेकवण्याचे काम ऑप्टोकपलरकडे (प्रकाशाने संकेत पलीकडे नेणाऱ्या भागाकडे) द्यावे, म्हणजे दुर्बिणीचा विद्युत्‌मार्ग संगणकापासून वेगळा राहतो.

सीरियल जोडणीत नवख्यांची पहिली ठेच व्होल्टतेची. आरएस-२३२ या जातीच्या सीरियल पोर्टवर धन आणि ऋण दोन्ही व्होल्टता येतात, आणि त्या आर्डुइनो (५ व्होल्ट) किंवा ईएसपी३२ (३.३ व्होल्ट) या छोट्या नियंत्रक-बोर्डांना झेपत नाहीत. मधे व्होल्टता बदलणारी मॅक्स२३२ जातीची चिप हवीच.

सुरुवात करायला तापपट्टीइतके चांगले उपकरण नाही. उघड्या आकाशाकडे तोंड केलेली काच उष्णता उत्सर्जित करत हवेपेक्षाही थंड होते. तिचे तापमान दवबिंदूखाली गेले, की श्मिट-कॅसेग्रेन (पुढे काच, मागे आरसा असलेल्या) दुर्बिणीची पुढची काच धुकटते आणि रात्र संपते. ८ इंची दुर्बिणीच्या नळीभोवती साधारण ७० सेंमी. पट्टी लागते. दोन उघड्या तारांमध्ये ३३० ओहमचे, अर्धा वॉटचे २० रेझिस्टर समांतर डाखले, की १२ व्होल्टवर प्रत्येकी ०.४४ वॉट, एकूण सुमारे ८.७ वॉट उष्णता मिळते. वरून कापड आणि वेल्क्रो. पण पट्टी ०.७३ अँपिअर खाते, म्हणजे आठ तासांत जवळजवळ ६ अँपिअर-तास. ७ अँपिअर-तासांची बॅटरी त्यातच संपत येते. म्हणून ५५५ टायमर किंवा आर्डुइनो आणि मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) वापरून प्रवाह तुटक देतात. दवबिंदू मोजून उष्णता आपोआप कमीजास्त करणारा संवेदकही लावता येतो. मात्र हाताने फिरवायच्या बटणावर बहुतेकांचे भागते. काच कोमट करायची नसते, हवेपेक्षा किंचित वर ठेवायची असते, नाहीतर तिच्यापुढची हवाच थरथरू लागते.

फोकसच्या मोटारीचे प्रयोजन वेगळे : हात लागला की प्रतिमा हलते. एफ/१० (नाभीय अंतर व्यासाच्या दहापट असलेल्या) दुर्बिणीत फोकसची सहनमर्यादा सुमारे पाव मिलिमीटर, एफ/५ला त्याचा चौथा हिस्सा. स्वस्त २८बीवायजे-४८ स्टेपर (पायरीपायरीने फिरणारी) मोटर आणि यूएलएन२००३ चालक यांवर काम भागते, पण तिच्या दात्यांत ढिलाई असते. म्हणून फोकसवर नेहमी एकाच दिशेने यायचे. आणखी एक खोडी अशी, की संगणकाने पोर्ट उघडताच आर्डुइनो ऊनो पुन्हा सुरू होतो आणि मोटारीची जागा विसरतो. रीसेट आणि ग्राउंड यांमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला की ही खोड जाते. प्रोग्राम चढवताना तो काढावा लागतो.

प्रत्यक्षात रात्री दगा देते ते विद्युत्-मंडल नव्हे, तारा आणि जोड. बारीक, लांब तारेत व्होल्टता घसरते. मोटारी वेगाने फिरताना ती फारच खाली गेली, तर दुर्बीण भलतीकडेच वळते किंवा नियंत्रक नव्याने सुरू होतो. पिनची ध्रुवता (धन-ऋण) उलटी झाली तर नियंत्रकच जळू शकतो, म्हणून फ्यूज आणि डायोड आधी लावावेत. फिरत्या बैठकीवर तारा गुंडाळल्या जाऊन ताणतात. काही नियंत्रकांत अशी गुंडाळी टाळण्याची सोय आहे, ती चालू ठेवावी.