मागची दाढ काढली तर राहू दे म्हणू नका

"मागचीच दाढ आहे, कुणाला दिसतेय, राहू दे ती जागा रिकामी" असं आई दाढ काढल्यावर म्हणाली आणि आम्ही पण माना डोलावल्या. पाच-सहा वर्षांनी तपासलं तर काढलेल्या दाढेच्या मागची दाढ त्या फटीत कललेली, वरची दाढ टेकायला खाली काही नाही म्हणून खाली उतरत आलेली, आणि फटीत रोज पोळीचा तुकडा अडकून शेजारच्या दाढेला नवीन कीड.

पण खरं नुकसान आतमध्ये होतं. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा थर असतो, आपण चावलं की ते तंतू ताणले जातात आणि त्या ताणामुळेच तिथलं हाड टिकून राहतं. दात गेला की त्या हाडाला काम उरत नाही, मग ते झिजतं, आणि मागच्या दातांच्या जागी तर पहिल्या वर्षातच हाडाची रुंदी जवळपास निम्मी होऊ शकते, त्यातलं बरंचसं पहिल्या 3 महिन्यांत.

ती जागा भरायला ब्रिज, म्हणजे बाजूच्या दातांच्या आधारावर बसवलेला दात, लवकर होतो, पण त्यासाठी बाजूचे दोन दात घासावे लागतात. त्यांना आधीच कॅप असेल तर ठीक, पण चांगले धडधाकट दात घासायचे म्हटलं की माझा जीव कळवळतो, आणि खालचं हाड झिजायचं थांबत नाहीच. काढघाल करायचे दात सगळ्यात स्वस्त, तारेच्या हुकांवर बसतात.

पूर्ण कवळीत वरची बरी बसते कारण तिला अख्खी टाळू मिळते, मधे लाळेचा पातळ थर, दोन ओल्या काचा चिकटतात ना तसं. खालची मात्र घोड्याच्या नालेसारखी, मधे सतत हलणारी जीभ, आणि हाड झिजत गेलं की ती अजूनच सैल होते. आजी तर जेवताना ती काढून ताटाशेजारी वाटीत ठेवायची आणि भाकरी दुधात कुस्करून खायची.

इम्प्लांटचा, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवून वर दात लावायच्या स्क्रूचा, शोध सशाच्या पायात लागला. 1952 च्या सुमारास स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाचे संशोधक हाडातला रक्तप्रवाह बघायला टायटॅनियमची नळी बसवत होते आणि नंतर काढायला गेले तर ती निघेचना, हाड तिला घट्ट धरून बसलं होतं. 1965 मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन या पेशंटच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले आणि ते 40 वर्षं टिकले!

हाड स्क्रूला धरायला साधारण 3 ते 6 महिने घेतं. सिगरेट आणि कंट्रोलमध्ये नसलेली शुगर असेल तर इम्प्लांट फेल व्हायची शक्यता वाढते, आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, त्यात जबड्याच्या हाडाचा प्रॉब्लेम होऊ शकतो. इम्प्लांट किडत नाही पण भोवतीची हिरडी सुजून हाड जाऊ शकतं, म्हणून फ्लॉस किंवा बारीक ब्रश रोज हवाच.

सगळे दात गेलेत आणि तेवढा खर्च झेपत नाही तर खालच्या जबड्यात दोनच इम्प्लांट टाकून त्यावर कवळी टिचबटणासारखी बसवता येते, हे फार कमी लोकांना माहीत असतं. आजीच्या वेळी आम्हाला कुणी सांगितलं असतं तर ती वाटी ताटाशेजारी आलीच नसती.