साखर वाढण्याआधी रक्त काय सांगते?

टाइप-२ मधुमेहाचे निदान ज्या दिवशी होते, त्या दिवशी तो सुरू झालेला नसतो. ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘व्हाइटहॉल-२’ या दीर्घकालीन अभ्यासात साडेसहा हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्या वर्षानुवर्षे होत राहिल्या, आणि त्यांपैकी ज्यांना पुढे मधुमेह झाला त्यांच्या जुन्या नोंदींचे विश्लेषण २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. निदानाच्या सुमारे पाच वर्षे आधीपासूनच त्यांच्या शरीराचा इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद झपाट्याने खालावू लागला होता. स्वादुपिंडातील बीटा पेशींनी जादा इन्शुलिन तयार करून काही काळ ती तूट भरून काढली, पण त्यांची क्षमता कमी पडू लागली तेव्हा, म्हणजे अखेरच्या तीनेक वर्षांत, उपाशीपोटीची साखर वेगाने चढली. याचा अर्थ असा, की ज्या आकड्यावर आपण सर्वाधिक विसंबतो तो या साऱ्या घडामोडीत उशिरा हलणारा आकडा आहे. त्याच्याही आधी हलणारे काही रक्तात सापडते का, हा मधुमेहाच्या जैवसूचकांच्या, म्हणजे आजाराची चाहूल देणाऱ्या रक्तातील खुणांच्या, संशोधनाचा मूळ प्रश्न आहे.

या प्रश्नाला मिळालेले एक अत्यंत महत्त्वाचे उत्तर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रॅमिंगहॅम या गावातून आले. तेथे १९४८ पासून हृदयविकाराचा अभ्यास चालू आहे आणि १९७१ पासून मूळ सहभागींच्या मुलांचाही त्यात समावेश झाला. या दुसऱ्या पिढीतील २,४२२ जणांची साखर १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात मधुमेहाच्या पातळीखाली होती; पुढील १२ वर्षांत त्यांच्यापैकी २०१ जणांना मधुमेह झाला. सुदैवाने त्यांचे त्या वेळचे रक्तद्रव गोठवून जपलेले होते. थॉमस वँग, रॉबर्ट गर्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे मधुमेही झालेल्या १८९ जणांचे ते जुने नमुने बाहेर काढले आणि प्रत्येकाला मधुमेह न झालेला एकेक जोडीदार निवडला. निवड करताना वय, लिंग, वजन-उंचीचे गुणोत्तर आणि उपाशीपोटीची साखरसुद्धा जुळवून घेतली होती. मला हा या संशोधनाचा सर्वांत भक्कम भाग वाटतो, कारण दवाखान्यात ज्या गोष्टी पाहून धोका ताडला जातो त्या गोष्टींच्या दृष्टीने या दोन गटांत काही फरकच उरलेला नव्हता.

रेणू त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्राने प्रत्येक नमुन्यातील सुमारे साठ रसायने मोजण्यात आली. त्यांपैकी पाच अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिने ज्यांपासून बनतात त्या घटकांची, पातळी पुढे मधुमेही होणाऱ्यांमध्ये जास्त आढळली: ल्यूसीन, आयसोल्यूसीन, व्हॅलिन, टायरोसिन आणि फेनिलअ‍ॅलनिन. त्यांतील तिघांची पातळी एकत्र विचारात घेतली, तेव्हा सर्वांत वरच्या चतुर्थांशातील लोकांना सर्वांत खालच्या चतुर्थांशाच्या तुलनेत पाचपटीहून अधिक धोका असल्याचे दिसले. स्वीडनमधील माल्मो येथील स्वतंत्र गटातही हाच कल मिळाला आणि २०११ मध्ये हे निष्कर्ष ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनी याच संशोधकांनी २-अमिनोअ‍ॅडिपिक आम्ल हा आणखी एक सूचक पुढे आणला, ज्याचा या पाचांशी फारसा संबंध नव्हता. म्हणजे तो शरीरातील एखाद्या वेगळ्याच प्रक्रियेकडे बोट दाखवत असावा.

साखरेच्या आजाराची चाहूल प्रथिनांच्या घटकांतून लागावी हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. मात्र लठ्ठ व्यक्तींच्या रक्तात ही अमिनो आम्ले वाढलेली असतात, हे फिलिप फेलिग यांनी १९६९ मध्येच दाखवले होते. इन्शुलिनचे काम केवळ साखर पेशींत पोहोचवण्याचे नाही; स्नायूंमधील प्रथिनांचे विघटन आवरण्याचेही आहे. शिवाय ल्यूसीन, आयसोल्यूसीन आणि व्हॅलिन यांचा निचरा ज्या ऊतींमध्ये होतो त्यांत मेदऊतीचाही (शरीरातील चरबीच्या थराचाही) वाटा असतो, आणि इन्शुलिनला दाद न देणाऱ्या शरीरात मेदऊतीतील हे काम मंदावते. त्यामुळे ही आम्ले रक्तात साचत जातात. मग ती मधुमेहाचे कारण आहेत की केवळ परिणाम? जनुकीय अभ्यासांनी दोन्ही बाजूंचे पुरावे दिले आहेत. काहींमध्ये या आम्लांच्या निचऱ्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या जनुकातील फरक मधुमेहाच्या धोक्याशी जोडलेला आढळला, तर काहींनी आधी इन्शुलिनचा प्रतिरोध आणि मग आम्लांची वाढ असा क्रम सुचवला. धोका ओळखण्यासाठी या वादाचा निकाल लागण्याची गरज नाही. मात्र या संशोधनाचा दाखला देऊन कोणी डाळ, दूध किंवा अंडी सोडण्याचा सल्ला देत असेल तर तो अजिबात मानू नये, कारण उपाशीपोटीच्या रक्तातील या आम्लांची पातळी आदल्या दिवशीच्या जेवणापेक्षा शरीर त्यांची विल्हेवाट कशी लावते यावर अधिक अवलंबून असते.

पाचपट धोका हा आकडा ऐकताना आणखी एका गोष्टीचे भान हवे. फ्रॅमिंगहॅममध्ये १२ वर्षांत साधारणपणे शंभरांतील आठ जणांना मधुमेह झाला. समजा, ते आठही जण चाचणीने धोकादायक ठरवलेल्या वरच्या चतुर्थांशातच होते, तरी त्या पंचवीस जणांपैकी सतरा जण १२ वर्षांनंतरही मधुमेहमुक्तच असणार. प्रत्यक्षात चाचणी इतकी अचूक नसते आणि खालच्या गटांतील काहींनाही आजार होतो. म्हणूनच एखाद्या जैवसूचकाची किंमत त्याने वर्तवलेल्या पटीवरून करू नये. वय, कंबरेचा घेर, आईवडिलांचा मधुमेह आणि साधी साखर एवढे कळल्यावर तो त्यात नवीन किती भर घालतो यावरून करावी. चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने २००५ मध्ये तयार केलेल्या भारतीय मधुमेह धोका गुणांकात तर रक्ताचा थेंबही लागत नाही. वय, कंबर, शारीरिक हालचाल आणि कौटुंबिक इतिहास यांना मिळून शंभरपैकी गुण दिले जातात आणि साठ किंवा त्याहून अधिक गुण म्हणजे धोका जास्त. अमिनो आम्लांच्या महागड्या चाचणीला स्पर्धा करायची आहे ती या मोजपट्टीशी.

आपल्याकडे या स्पर्धेचे स्वरूप थोडे वेगळे आहे, कारण फ्रॅमिंगहॅममधील सहभागी प्रामुख्याने युरोपीय वंशाचे होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना मांडली होती. दोघांचेही वजन-उंचीचे गुणोत्तर तंतोतंत सारखे, २२.३, पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. वजनकाट्याला न दिसणारी ही चरबी आपल्या लोकांत असल्यामुळे काट्यापलीकडचे सांगणारा सूचक येथे अधिक उपयोगी ठरू शकतो, पण त्याच्या मर्यादारेषा आपल्याच लोकसंख्येत तपासून ठरवाव्या लागतील.

एचबीएवनसी या सर्वपरिचित चाचणीच्या बाबतीतही हेच खरे आहे. लाल पेशी साधारणपणे १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांच्यातील हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर ही चाचणी मोजते, ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था आणि ६.५ पासून पुढे मधुमेह. परंतु लोहाच्या कमतरतेने हा आकडा खोटा वाढू शकतो, आणि सिकलसेल आजारात लाल पेशी लवकर मरत असल्याने तो फसवा कमी येऊ शकतो. ज्या देशात १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, आणि ज्या राज्यात नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत सिकलसेल आढळतो, तेथे हिमोग्लोबिन न पाहता या आकड्यावर शिक्कामोर्तब करणे धोक्याचे आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, आढळले. मधुमेहपूर्व अवस्थेतून पुढे सरकण्याचा आपला वेगही जास्त आहे. भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमाच्या २००६ मधील निष्कर्षांनुसार, ग्लुकोज पचवण्याची क्षमता घटलेल्या आणि केवळ नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटातील ५५ टक्के लोक तीन वर्षांत मधुमेही झाले. आहार आणि व्यायामाकडे नियमित लक्ष पुरवलेल्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले. धोका वेळीच कळला तर एवढा फरक पडू शकतो.

त्यासाठी अमिनो आम्लांची चाचणी गल्लीतल्या प्रयोगशाळेत येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२४ मध्ये ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून एक तासाने साखर मोजण्याची शिफारस केली आहे. ती १५५ मिलिग्रॅम किंवा अधिक असेल, तर उपाशीपोटीचा आकडा निर्दोष दिसत असला तरी त्या व्यक्तीला धोक्याच्या गटात धरावे. ग्लुकोजचे पाकीट आणि रक्ताचा साधा नमुना एवढ्यावर होणारी ही तपासणी तालुक्याच्या गावीही सहज करता येते.