समज देऊन सोडणे (वाहतूक पोलीस)

समज देऊन सोडणे म्हणजे वाहतुकीचा नियम मोडलेला दिसत असूनही पोलिसाने चलान न करता, तोंडी ताकीद देऊन चालकाला जाऊ देणे. बोलीत याला ‘पावती न फाडता सोडलं’ म्हणतात. चलान मशीनवर निघायला लागून बरीच वर्षे झाली, तरी पावती अजून ‘फाडलीच’ जाते. ही सूट नियमात कुठेही याच नावाने लिहिलेली नाही. ती रस्त्यावरच्या कामातून आलेली आहे आणि जगभरात कोणत्या ना कोणत्या रूपात आढळते. ही नोंद मुख्यतः महाराष्ट्रातल्या पद्धतीविषयी आहे.

सुरुवातीलाच एक गल्लत दूर केलेली बरी. कायद्यानेच मोकळीक दिलेली असते तेव्हा पोलीस कोणाला ‘सोडत’ नसतात. पगडी घातलेल्या शीख दुचाकीस्वाराला हेल्मेटची सक्ती नाही, कारण मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ मध्येच तसे म्हटले आहे. नव्या गाडीला पहिल्या नोंदणीपासून वर्षभर पीयूसी लागत नाही, हेही नियमातच आहे. सिग्नल लाल असताना चौकातल्या पोलिसाने हाताने पुढे बोलावले, तर त्याचा इशारा दिव्यापेक्षा वरचा. या तिन्ही ठिकाणी गुन्हाच घडत नाही, मग समज कसली द्यायची?

कायद्यात जागा कुठे आहे

वाहतुकीचे बहुतेक गुन्हे तडजोडपात्र आहेत. कलम २०० नुसार राज्य सरकार अधिसूचना काढून रक्कम ठरवते आणि ती घेण्याचा अधिकार कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याला आहे तेही सांगते. चालकाने ही रक्कम भरली की त्या गुन्ह्याचा खटला चालत नाही. रस्त्यावर ज्याला आपण दंड म्हणतो ते खरे तर हे तडजोड शुल्क असते. दंड ठोठावणे हे न्यायालयाचे काम. कलमाची भाषा ‘तडजोड करता येईल’ अशी आहे, ‘करावीच लागेल’ अशी नाही. शिवाय दिसलेल्या प्रत्येक उल्लंघनावर कारवाई करणे कोणत्याही चौकात शक्य नसते. समज देण्याची प्रथा या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत उभी आहे.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३ मध्ये एक जुनेच तत्त्व आहे (पूर्वीच्या दंड संहितेत ते कलम ९५ होते): समंजस माणूस ज्याची तक्रार करणार नाही इतकी क्षुल्लक हानी हा गुन्हा ठरत नाही. मोठे नुकसान टाळण्यासाठी, वाईट हेतू नसताना केलेल्या कृतीचा बचाव कलम १९ मध्ये आहे. चौकातला हवालदार ही कलमे उच्चारत नाही, पण पांढऱ्या पट्टीपुढे वीतभर गेलेले चाक तो सोडून देतो किंवा अत्यवस्थ पेशंट असलेल्या रिक्षाला वाट करून देतो, तेव्हा हेच तत्त्व पाळत असतो.

एका बाबतीत नियमानेच ‘आधी सुधारा’ अशी सवलत दिली आहे. गाडी जास्त धूर सोडते असे वाटल्यास, केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११६ नुसार उपनिरीक्षक किंवा त्यावरचा पोलीस अधिकारी किंवा मोटार वाहन निरीक्षक चालकाला लेखी निर्देश देऊ शकतो, की अधिकृत केंद्रावर तपासणी करून सात दिवसांत प्रमाणपत्र सादर करा. हा नियम फार कमी चालकांना ठाऊक असतो.

उलट, लायसनच्या बाबतीत नसलेली सवलत लोक अजून गृहीत धरतात. मुदत संपल्यावरही लायसन तीस दिवस चालते, अशी तरतूद मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १४ मध्ये होती. २०१९ च्या दुरुस्तीत ती काढून टाकली. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीआधी वर्षभर आणि नंतर वर्षभर करता येतो, पण मधल्या काळात गाडी चालवण्याची परवानगी त्यातून मिळत नाही. ‘महिनाभर चालतं हो साहेब’ असे म्हणणाऱ्याला सोडले, तर ते पोलिसाच्या मर्जीने, कायद्याने नव्हे.

सोडण्याची कारणे

सर्वांत मोठे कारण कंटाळवाणे आहे: वेळ. एक चलान करायचे तर गाडी कडेला घ्यायची, नंबर मशीनमध्ये टाकायचा, वाहनाची माहिती येईपर्यंत थांबायचे, यादीतून कलम निवडायचे, नंबरप्लेट दिसेल असा फोटो काढायचा, मोबाइल नंबर विचारायचा, रक्कम लगेच भरणार की थकीत ठेवणार ते नोंदवायचे. नेटवर्क गेले किंवा मशीनची बॅटरी उतरली की तेवढ्यावर काम अडते. संध्याकाळी सात वाजता चौकात दोनच माणसे असतील आणि त्यातला एक मशीनमध्ये मान घालून बसला, तर त्या तीन-चार मिनिटांत चारही बाजूंनी कोंडी होते. अडवलेली गाडी स्वतःच डावी लेन अडवते. मग बॉनेटवर थाप पडते, ‘मागं घे, मागं घे’ होते आणि गाडी सुटते. ही दया नसते, ते वाहतूक नियंत्रण असते.

पुरावा हे दुसरे कारण. गाडी पिवळ्यावर गेली की लालवर, मोबाइल कानाला होता की हात नुसताच वर होता, याची खात्री नसेल आणि फोटोही नसेल, तर अनुभवी पोलीस वाद ओढवून घेत नाही. २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांनी खासगी मोबाइलवर फोटो काढून ते नंतर ई-चलान यंत्रणेत टाकण्यास मनाई केली. त्यामुळे जागेवर मशीन हातात नसेल, तर दिसलेले उल्लंघनही बऱ्याचदा ओरडण्यापुरतेच राहते.

उल्लंघनाचे स्वरूप पोलीस बारकाईने पाहतो. एक ब्रेकलाइट गेलेला, चिखलाने झाकलेली नंबरप्लेट, सीटबेल्टचा पट्टा हातात धरलेला पण लावलेला नाही, नव्या एकदिशा रस्त्यात चुकून शिरलेला बाहेरगावचा चालक: यांत चूक जागेवर दुरुस्त होते. पट्टा लावला, प्लेट पुसली, गाडी वळवली की काम झाले. ट्रिपल सीट, उलट दिशेने येणे, भरधाव लेन बदलणे यांत ‘दुरुस्त’ करण्यासारखे काही नसते, म्हणून तिथे सुटका क्वचित. एकदिशा मार्ग किंवा वळणबंदी प्रायोगिक तत्त्वावर सुरू होते तेव्हा पहिले काही दिवस फक्त समज द्यायची, अशी सूचना बहुधा वरूनच असते. रस्ता सुरक्षा अभियानातही तेच. त्या दिवसांत गुलाबाचे फूल आणि पत्रक हातात पडते.

परिस्थितीचाही विचार होतो. गाडीत पेशंट, बाळंतपणाला निघालेली बाई, दहावी-बारावीच्या पेपरला उशीर झालेला मुलगा असेल तर महाराष्ट्रात सहसा अडवून ठेवत नाहीत. परीक्षेच्या दिवसांत पोलिसाने मुलाला आपल्या मोटारसायकलवर केंद्रापर्यंत सोडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. अर्थात सांगितलेले कारण डोळ्यांनी दिसावे लागते. हॉस्पिटलचा रस्ता उजवीकडे आणि गाडी निघाली डावीकडे, तर हवालदाराच्या ते लक्षात येतेच.

राहिले चालकाचे वागणे. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करणे, हेल्मेट काढून बोलणे, मागितल्यावर कागद दाखवणे आणि चूक मान्य करणे याने फरक पडतो. कलम १३० नुसार गणवेशातील कोणत्याही पोलिसाने मागितल्यास लायसन दाखवणे बंधनकारक आहे, आणि डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रत कागदाइतकीच ग्राह्य आहे. नुसता गॅलरीतला फोटो दाखवला तर तो ग्राह्य धरायचा की नाही हे पोलिसावर राहते. ‘ओळखता का मला’ या वाक्याने मात्र समजेची शक्यता बहुतेक वेळा संपते. मुळात विवेकाधिकारातली खरी अडचण हीच: गोड बोलता येणे, मराठी येणे, चांगले कपडे असणे यांचा नियम पाळण्याशी काही संबंध नाही, तरी निकालावर परिणाम होतो. डिलिव्हरी करणारा पोरगा आणि मोठ्या गाडीतला गृहस्थ एकाच चुकीसाठी एकाच चौकात वेगळे वागवले जातात, ही तक्रार खोटी नाही.

जिथे सोडता येत नाही

दारू पिऊन गाडी चालवणे (कलम १८५) तडजोडपात्र नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघाले की प्रकरण न्यायालयातच जाते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. धोकादायक पद्धतीने गाडी चालवणे (कलम १८४) यातही जागेवर तडजोड होते ती फक्त मोबाइल वापरण्यापुरती. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिल्यास कलम १९९अ नुसार पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. अशा ठिकाणी ‘जाऊ द्या’ म्हणणे हा विवेक नसून कर्तव्यात कसूर आहे. कायदा राबवणाऱ्या अधिकाऱ्यानेच नियम मोडला, तर कलम २१०ब त्याला दुप्पट शिक्षा सांगते, म्हणजे गणवेशातल्या माणसाला सूट सर्वांत कमी असायला हवी. प्रत्यक्षात ‘पोलीस’ लिहिलेली पाटी काचेमागे ठेवणारे बरेच दिसतात.

भरधाव वेग आणि धोकादायक चालवणे यांबाबत ‘ताकीद’ या शब्दाला वेगळाच अर्थ आहे. कलम २०९ नुसार या गुन्ह्यांत शिक्षा व्हायची तर ‘तुमच्यावर खटला भरण्याचा विचार होईल’ असे जागेवर सांगितलेले असावे लागते, किंवा चौदा दिवसांत नोटीस किंवा अठ्ठावीस दिवसांत समन्स जावे लागते. ही ताकीद सुटकेची नसून खटल्याची पहिली पायरी असते.

सगळ्यांनाच सोडणे

कधी सूट एका चालकाला न मिळता सगळ्या राज्याला मिळते, आणि तेव्हा ती पोलिसाची नसते, सरकारची असते. टाळेबंदीत कार्यालये बंद होती म्हणून १ फेब्रुवारी २०२० नंतर मुदत संपलेले लायसन, नोंदणी, परमिट हे कागद केंद्राने पुढे वैध धरले आणि ती मुदत २०२१ पर्यंत वाढत गेली. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवण्याची महाराष्ट्रातली तारीख ३१ मार्च २०२५ वरून ३० एप्रिल, ३० जून, १५ ऑगस्ट अशी सरकत राहिली. २०१९ च्या दुरुस्तीने वाढलेले दंड १ सप्टेंबर २०१९ ला देशात लागू झाले, पण महाराष्ट्राने तडजोडीच्या नव्या रकमा डिसेंबर २०२१ मध्ये लावल्या. हेल्मेटसाठी कायद्यात १,००० रुपये असताना इथे तडजोड ५०० वर ठेवली. गुजरातने २०२२ च्या दिवाळीत २१ ते २७ ऑक्टोबर हा आठवडा दंडमुक्त जाहीर केला होता; नियम मोडणाऱ्याला फूल देऊन समजवायचे, असे ठरले.

पुण्याची हेल्मेटसक्ती हे याच जातीचे उदाहरण. १ जानेवारी २०१९ पासून कडक कारवाई सुरू झाली, पगड्या घालून निषेध झाले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये शहरातल्या आमदारांच्या मागणीवरून मुख्यमंत्र्यांनी कारवाई सैल करायला सांगितली. कायदा तसाच राहिला, फक्त चौकातला हात खाली आला.

नव्या दंडांची धास्ती किती होती हे सांगणारी एक आठवण नागपूरची आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ च्या विक्रम लँडरशी संपर्क तुटला, तेव्हा नागपूर शहर पोलिसांनी ट्विटरवर विक्रमला उत्तर देण्याची विनंती केली आणि सिग्नल तोडल्याबद्दल चलान करणार नाही अशी हमीही दिली. समज देऊन सोडल्याचे हे बहुधा सर्वांत लांबचे उदाहरण असावे.

चिरीमिरी

पैसे घेऊन सोडणे हे समज देण्याच्या कक्षेत येत नाही, जरी बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात: गाडी थांबते, बोलणे होते, पावती निघत नाही. घेणारा भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ७ खाली येतो आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही कलम ८ खाली. जबरदस्तीने द्यावे लागले असल्यास सात दिवसांत कळवणाऱ्याला त्यातून वगळले आहे. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे. ओळखण्याची साधी खूण अशी, की खऱ्या समजेत आधी दंडाची मोठी रक्कम सांगून मग ‘काय करायचं बोला’ असा प्रश्न येत नाही.

कॅमेरा आल्यावर

मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर २०२४ पासून चालू असलेल्या यंत्रणेसारखे कॅमेरे माणूस पाहत नाहीत, नंबरप्लेट पाहतात. त्यामुळे समज मिळते ती नंतर, आणि मालकाला ती मागावी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १६७अ नुसार अशा चलानाची नोटीस ठराविक मुदतीत पाठवायची असते. तिच्यात उल्लंघन आणि नंबरप्लेट दोन्ही स्पष्ट दाखवणारा फोटो, यंत्राचे मोजमाप, तारीख, वेळ, ठिकाण आणि मोडलेली तरतूद असावी लागते. रुग्णवाहिकेला वाट देताना पट्टी ओलांडली, पोलिसाने हाताने पुढे काढले, गाडी विकली पण नाव बदलले नाही, किंवा कोणीतरी आपला नंबर दुसऱ्या गाडीला लावला, अशी प्रकरणे ई-चलानच्या संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक अॅपवर तक्रार करून मांडता येतात. तक्रारीसोबत डॅशकॅमचा तुकडा, विक्रीचे कागद किंवा आपल्या गाडीचा वेगळेपणा दाखवणारा फोटो जोडला तर निकाल लवकर लागतो. नुसते ‘मी तिथे नव्हतो’ लिहिले तर तक्रार फेटाळली जाते.

मशीनने चौकातली समजही अवघड केली आहे. पूर्वी हवालदाराला समोरचा चालक पहिल्यांदाच सापडला की दहाव्यांदा, हे कळायला मार्ग नव्हता. आता नंबर टाकताच जुनी थकीत चलाने पडद्यावर येतात, आणि ‘चुकून झालं साहेब’ म्हणणाऱ्याच्या नावावर आधीच सात दिसतात. तोंडी समजेची मात्र आजही कुठे नोंद होत नाही. अमेरिकेत अनेक ठिकाणी लेखी ताकीद देऊन ती नोंदवतात, तशी सोय इथे नाही. त्यामुळे एकाच माणसाला एका सकाळी तीन चौकांत तीनदा ‘पहिल्यांदाच’ म्हणून सोडले जाऊ शकते.